पितळेची नक्षी की पितळेची जमीन? बूलच्या खणांच्या कपाटांचे दोन प्रकार

चौदाव्या लुईच्या पदरी असलेले पॅरिसचे सुतार आंद्रे-शार्ल बूल (1642–1732) यांच्या नावाने ओळखली जाणारी खणांची कपाटे पाहताना एक गोंधळ हमखास होतो. पितळ आणि कासवाचे कवच दोन्हीकडे असते आणि वेलबुट्टीही तीच असते, तरी एक कपाट काळसर वा तांबूस दिसते आणि दुसरे पिवळेधमक. दुसरे म्हणजे पहिल्याची स्वस्त नक्कल, असा समज त्यातूनच होतो आणि तो चुकीचा आहे.

पितळेचा आणि कवचाचा पातळ पत्रा एकावर एक चिकटवून, बारीक पात्याच्या करवतीने दोन्हींतून नक्षी एकदमच कापली जात असे. नंतर थर सोडवले की, पितळेची पाने कवचात आणि कवचाची पाने पितळेत बरोबर बसत. कवचाच्या जमिनीवर पितळेची नक्षी असेल तर त्याला ‘प्रमिएर पार्ती’ म्हणतात. पितळेच्या जमिनीवर कवचाची नक्षी असेल तर ‘कॉन्त्र पार्ती’. म्हणजे दोन्ही एकाच कापातून जन्मलेली जुळी भावंडेच.

परंपरेने पहिल्या प्रकाराला अधिक मान मिळाला, आणि त्याचे कारण कोरीव कामात आहे. पितळेच्या पानांवर शिरा, फुलांवर छाया आणि चेहऱ्यांवर भाव टोकदार कोरणीने काढता येतात. कॉन्त्र पार्तीत मात्र आकृती कवचाची असल्याने ती बरीचशी सपाट राहते. म्हणून ओळखण्यासाठी रंगाकडे न पाहता एखादे पान निवडावे आणि ते कशाचे आहे, हे पाहावे. कडांवर बसवलेले सोनेरी मुलाम्याचे कांस्य या तपासणीत धरू नये. ते वरून जोडलेले असते.

कधी एकाच वस्तूवर दोन्ही प्रकार योजलेले आढळतात. कधी दोन कपाटांची जोडी एकेका प्रकारात केलेली असते. अशा जोडीची ताटातूट करून कॉन्त्र पार्तीला दुय्यम ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण नक्षीचा तोल दोघांना शेजारी ठेवल्यावरच पूर्ण कळतो. बूलने 1708–1709 मध्ये त्रियानोंच्या राजवाड्यासाठी दिलेली खणांची दोन कपाटे आज व्हर्सायच्या संग्रहात आहेत.

जपणुकीत मात्र दोघांचे दुखणे एकच. हवेतील ओलाव्यानुसार लाकूड फुगते-आकसते, पितळ तसे करत नाही. त्यामुळे सरस सुटून पत्र्याची टोके वर उचलली जातात, आणि कोरड्या फडक्याने पुसतानाही ती अडकून वाकू शकतात.