अलॉय चाकांची घरगुती दुरुस्ती व रंगकाम

मोटारीच्या अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या, चाकांवर पडलेले ओरखडे व टवके घासून, गरज असेल तिथे पुट्टी भरून चाक पुन्हा रंगवण्याचे काम. कारागिरीच्या दृष्टीने ते डेंटिंग-पेंटिंगमध्येच मोडते. मात्र दरवाजा किंवा बंपर यांच्यावर गाडीचा भार नसतो, चाकावर असतो. त्यामुळे घरी काय करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे रंगाचा डबा उघडण्याआधी ठरवावे लागते.

बोलताना या चाकांना सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात. ते नाव शर्यतीच्या मोटारींच्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून आले. आज रस्त्यावर दिसणारी अलॉय चाके जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमची असतात. १९२४ साली आलेल्या बुगाटी टाइप ३५ या शर्यतीच्या मोटारीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती व ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला होता. आता प्रामुख्याने ए३५६ ही मिश्रधातू वापरतात. तिच्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असते. ओतलेले चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि मग दीडशे अंशांच्या आसपास पुन्हा काही तास ठेवतात. चाकाची ताकद या उष्णतेच्या संस्कारातून येते, आणि नंतर कोणी त्याच जागी गॅसची ज्योत धरली तर ती तिथून निघूनही जाते. रस्त्याकडेला ज्योत मारून, हातोड्याने ठोकून ‘सरळ’ केलेले चाक वरून ठीक दिसले तरी आतून मऊ पडलेले असू शकते. भारतात या चाकांसाठी मानक ठरलेले असून त्यात वळणावरचा ताण, सततचा भार आणि आघात यांच्या चाचण्या आहेत. घरी रंगवलेल्या चाकाची अशी चाचणी कोणी घेत नाही, म्हणून घरच्या दुरुस्तीने धातूच्या पृष्ठभागाखाली जाऊ नये.

ओरखडे बहुतेक वेळा फुटपाथच्या कडेचे असतात. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि चालक उजवीकडे बसतो. डावी कड त्याला दिसत नाही. शिवाय डावीकडे वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने न जाता आतून कापत जाते. पुढचे सुटले म्हणून निर्धास्त झालेल्या चालकाचे मागचे डावे चाक खर्रकन घासते. बैलगाडीच्या चाकाला बाहेरून लोखंडी धाव चढवलेली असते, मार ती खाते आणि झिजली की बदलता येते. जाड टायरच्या मोटारीत ते काम रबर करते. बुटक्या टायरची फॅशन आल्यापासून मात्र रिमची कड टायरच्या बरोबरीने, कधी त्याच्याही बाहेर येते आणि दगडाचा मार थेट धातूवर बसतो.

दर्शनी बाजूचा ओरखडा डोळ्यांना सलतो, पण धोका सहसा मागच्या बाजूला असतो. खड्ड्याचा दणका रिमच्या आतल्या कडेला बसतो. ती वाकली किंवा तिला बारीक चीर गेली तरी पुढून काहीच कळत नाही. म्हणून चाक काढले की आधी ते पालथे घालून धुवावे आणि आतली कड बोटाने पूर्ण फिरून पाहावी. एकाच चाकातली हवा वारंवार कमी होत असेल तर हवा भरलेल्या चाकावर, विशेषतः आतल्या कडेला, साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले की तिथे गळती आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग तपासून घ्यावे. तडा गेलेले, वाकलेले, कडेचा तुकडा उडालेले किंवा आऱ्याच्या मुळाशी खोल खाच पडलेले चाक घरी दुरुस्त करू नये. पुट्टी खाच झाकते, ताकद देत नाही. अशी खाच भरून, रंगवून गाडी विकणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

डायमंड-कट चाकांचे प्रकरण वेगळे. त्यांचा चकचकीत दर्शनी भाग सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर कातलेला उघडा धातू असतो आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकर असतो. जवळून पाहिले तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वर्तुळरेषा दिसतात. हाताने घासून त्या परत आणता येत नाहीत. कातकाम करणाऱ्याकडे पुन्हा कातून घेता येते, पण दर वेळी धातू कमी होतो, म्हणून हे मोजक्याच वेळा चालते. लॅकरला चीर पडली की तिथून ओल शिरते आणि खाली पांढरट, अळीच्या वाटेसारख्या रेषा पसरतात. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. अशा वेळी चारही चाके एकरंगी करून टाकणे हा घरी जमणारा उपाय आहे.

प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त वेळ धुण्यात आणि घासण्यात जातो, आणि तो जावाच. ब्रेकमधून उडालेली काळी पूड लोखंडाच्या कणांची असते. ती रंगात रुतून बसते. ती काढणारे द्रावण मिळते, लोखंडाला लागले की ते जांभळे होते. नंतर साबण, मग तेलकटपणा काढायला थिनर किंवा ग्रीस काढणारे द्रावण. शेवटी चाकावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सलग पडद्यासारखे पसरले तर पृष्ठभाग स्वच्छ; थेंब थेंब होऊन फुटले तर मेण किंवा तेल अजून आहे. ही परीक्षा चुकवली की रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

ओरखड्याच्या कडेला धातूची कुसळे उभी राहिलेली असतात. ती आधी बारीक कानशीने उतरवावीत. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून २४० आणि ४०० असे चढत जावे. शक्यतो वॉटर पेपर ओला करून घासावे, कारण ॲल्युमिनियमची सुकी भुकटी श्वासात जाते आणि साचली तर पेटही घेऊ शकते. खऱ्या मॅग्नेशियमच्या चाकाला घरी घासूच नये. जुना रंग संपूर्ण खरवडायची गरज नसते. रंग आणि उघडा धातू यांच्यामधली पायरी मोडून तिथे उतार आणला की पुरे. इथे डोळे फसवतात. डोळे मिटून बोटाचे टोक हलके फिरवले की नेमका उंचवटा सापडतो.

कडेची उथळ खाच भरायला हार्डनर (घट्ट करणारे रसायन) मिसळायची दोन भागांची पुट्टी घ्यावी. ॲल्युमिनियमची पूड असलेली मिळाली तर उत्तम. तयार, हार्डनर न लागणारी एनसी पुट्टी जाड भरली तर सुकताना बसते आणि महिन्याभराने खाचेची रेषा पुन्हा वर येते. हार्डनर साधारण २ टक्के लागतो. जास्त घातला तर पुट्टी हातातच घट्ट होते, कमी पडला तर चिकट राहते. वाळल्यावर तिच्यावर काळ्या रंगाचा नुसता धूर मारावा आणि ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासावे. जिथे काळे राहील तिथे अजून खोलगट आहे.

टायर झाकण्यासाठी पत्त्यांच्या जुन्या कॅटइतकी सोयीची वस्तू नाही. हवा सोडली की टायर आणि रिम यांच्यातली फट किंचित मोकळी होते. तिच्यात एकेक पत्ता दुसऱ्यावर थोडा चढवून खोचत जायचे. सोळा इंची चाकाला एक कॅट पुरतो आणि रंगाची कड अगदी साफ येते. व्हॉल्व्हवर मास्किंग टेप लावावी. नट बसतात त्या खोबण्या आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारी मागची बाजू तर आठवणीने झाकावी. तिथे रंग राहिला तर तो दाबाखाली चेपतो आणि घट्ट आवळलेला नट सैल पडू शकतो.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्यावर साधा रंग नीट धरत नाही. म्हणून घासकाम संपले त्याच दिवशी प्रायमर मारावा. एचिंग प्रायमर नुसत्या धातूसाठी असतो. धातू आणि पुट्टी दोन्ही उघडे असतील तर इपॉक्सी प्रायमर बरा. तो वाळल्यावर ६०० नंबरने हलके ओले घासून मग रंग. स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवावा, २० ते २५ सेंटिमीटरवर धरावा आणि फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. आधी आऱ्यांच्या आतल्या कडा, मग दर्शनी भाग. तीन-चार पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. एकच जाड हात दिला की ओघळ आलाच. चंदेरी रंगात शेवटचा हात थोडा लांबून दिला तर चमकीचे कण सारखे बसतात.

वरचा लॅकर दोन घटकांचा असेल तर तो पेट्रोल आणि क्लीनरला चांगला टिकतो. पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वसनमार्गाला घातक आहे, आणि त्यापुढे कापडी किंवा धुळीचा मास्क निरुपयोगी ठरतो. इमारतीच्या पार्किंगमध्ये, जिथे मुले खेळतात तिथे, तो मुळीच वापरू नये. रंगकामाचा बंद बूथ असलेल्या पेंटरकडून तेवढाच हात मारून घ्यावा किंवा साध्या एका घटकाच्या लॅकरवर समाधान मानावे.

पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत ओल्या रंगावर बाष्प बसून तो पांढुरका पडतो. एप्रिल-मेच्या भर उन्हात उलटे होते. धातू तापलेला असतो, रंग पोहोचण्याआधीच सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस, सावली आणि वारा पडलेली सकाळ ही योग्य वेळ.

चाक काढताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, खाली स्टँड हवेत आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला ठोकळा. रंगवलेले चाक किमान एक दिवस तसेच ठेवून मग हवा भरावी आणि बसवावे. नट समोरासमोरचे असे आलटूनपालटून आवळावेत. पुष्कळ छोट्या गाड्यांना हा आवळ १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहून आवळ मोजणाऱ्या टॉर्क पान्यानेच द्यावा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत आणि पहिला आठवडाभर त्या चाकावर प्रेशरचे पाणी मारू देऊ नये.