विमानावशेष, युद्धकालीन (मुंबई परिसर)

विमानावशेष, युद्धकालीन : दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) कोसळलेल्या विमानांची स्थळे शोधून तेथील अवशेषांवरून विमानाचा प्रकार आणि साधल्यास नेमके विमान व त्यातील माणसे निश्चित करण्याचा अभ्यास. मुंबईजवळ त्या काळी जुहू (१९२८ पासून), सांताक्रूझ आणि कल्याणलगतच्या नेवाळी येथे धावपट्ट्या होत्या. शहर आघाडीपासून दूर असल्याने येथील अपघात मुख्यतः सराव, वाहतूक, यंत्रबिघाड आणि पावसाळी हवा यांच्याशी निगडित असतात.

उगमाचा प्रश्न : मुंबईत विमानाचा भाग सापडला म्हणजे तेथे विमान पडले, असे धरता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापूस आणि सोन्याच्या विटा होत्या. शिवाय खोक्यांत भरलेली लढाऊ विमानेही होती. गोदीचा गाळ उपसताना पुढे कित्येक दशके विटा आणि जिवंत दारूगोळा वर येत राहिला. त्यामुळे बंदराच्या गाळातील दुरॅल्युमिनचा (विमानबांधणीतील ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) पत्रा अपघाताचा की मालाचा, हे आधी ठरवावे लागते. जहाजाने येणाऱ्या लढाऊ विमानाचे पंख सुटे असत. म्हणून पंखाच्या मुळाशी असलेल्या जोडकानाचे (पंख धडाला बोल्टने जोडणाऱ्या कडीचे) भोक पाहावे. जोडलेला पंख आघाताने उपटला गेला असेल तर भोक लांबट ताणलेले व कडा फाटलेली दिसते. भोक गोल आणि कडा शाबूत असेल तर माल समजण्याकडे कल ठेवावा. उत्सर्जन नळीत काजळी मुळीच नसणे हाही मालाच्या बाजूचा पुरावा, परंतु गाळात काजळी धुतली जात असल्याने एकट्या त्यावर विसंबू नये.

दुसरी गल्लत युद्धोत्तर अपघातांची. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन प्रवासी विमान घाटकोपरच्या डोंगरावर आदळून ४५ जण मृत्यू पावले. ७ जुलै १९६२ रोजी अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळ कोसळून ९४ जण दगावले. कॉन्स्टेलेशनचा पत्रा, रिव्हेट आणि आतला पिवळसर हिरवा रंग अमेरिकी बॉम्बफेकी विमानांसारखाच. भेद इंजिनात सापडतो : कॉन्स्टेलेशनचे राइट इंजिन १८ सिलिंडरांचे, बी-२४ हे बॉम्बफेकी व डाकोटा हे वाहतूक विमान यांचे प्रॅट अँड व्हिटनी १४ सिलिंडरांचे. इंजिनपेटीच्या अर्ध्या तुकड्यावरूनही सिलिंडरांच्या बैठकांमधील कोन मोजून संख्या काढता येते. जुन्नरचे विमान जेट असल्याने तेथे टर्बाइनची पाती मिळतात, पिस्टन मिळत नाहीत.

युद्धानंतर उरलेली विमाने भंगारात निघाली. चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात मिळणाऱ्या विमानातील तबकडीच्या उपकरणांवरून म्हणूनच कोणतेही स्थळ सिद्ध होत नाही.

कागदपत्रे : ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या दैनंदिन्या (फॉर्म ५४०) लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत आहेत, अपघाताची तारीख, तुकडी व कारण फॉर्म ११८० या पत्रिकेवर असते. अमेरिकी बेपत्ता चालकदल अहवालांत (१९४३ पासून) इंजिनांचे आणि मशीनगनींचे क्रमांकही येतात. स्थळनामे वाचताना जपावे लागते. ‘बॅसीन’ म्हणजे आपली वसई, तसेच ब्रह्मदेशातील आजचे पाथेइन. युद्धकाळातील हवाई नोंदींत बहुधा पाथेइनच अभिप्रेत असते. वेळेचेही तसेच. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती, मुंबईची स्थानिक वेळ ४ तास ५१ मिनिटे पुढे. एकच अपघात दोन कागदांत दोन वेळांना घडलेला दिसला तर आधी घड्याळ कोणते ते तपासावे.

ओळख : भागांवरील ठशांत उत्पादकाचे सूचक आकडे असतात. बी-२४ च्या भागक्रमांकाची सुरुवात बहुधा ३२ ने, मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाच्या डी प्रकाराची १०९ ने, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या नवव्या प्रकाराची ३६१ ने होते. जुन्या प्रकाराचे भाग नव्या विमानात तसेच वापरले जात, म्हणून एका आकड्यावर निकाल न देता मिळालेल्यांतील सर्वांत उशिराचा प्रकार धरावा. इंजिनावरील क्रमांक फक्त इंजिनाचा असतो. दुरुस्तीत इंजिने बदलत. इंजिन आणि मशीनगन या दोहोंचे क्रमांक एकाच अहवालाशी जुळले, तर ओळख भक्कम मानावी. रंगाचा आधार मर्यादित, तरी उपयोगी : जपानी विमानांवरील लाल चिन्हाशी गोंधळ टाळण्यासाठी ब्रह्मदेश आघाडीवरील ब्रिटिश विमानांच्या ओळखचिन्हाच्या वर्तुळातून लाल रंग काढला गेला आणि १९४३ पासून दोन निळ्या छटांचे वर्तुळ रूढ झाले.

काडतुसाची पुंगळी पुष्कळ सांगते. तळावरच्या अक्षरांतून कारखाना व वर्ष कळते : ‘केएफ’ म्हणजे खडकी, ‘एसएल ४३’ म्हणजे सेंट लुइस, १९४३. प्रायमरवर (तळाच्या मध्यावरील ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) फायरिंग पिनचा खड्डा असेल तर गोळी झाडलेली. प्रायमर सपाट आणि पुंगळी कुशीतून फाटलेली असेल तर ती आगीत फुटलेली. अशा फाटक्या पुंगळ्या एका ठिकाणी दाट मिळाल्या, तर दारूगोळ्याची पेटी तेथेच जळाली असा तर्क करता येतो.

क्षेत्रकार्य : सह्याद्रीच्या उतारांवर दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढे असते, गवत वाळून बसल्यावर, फेब्रुवारी ते मे, पाहणी सोयीची. दोरीने एक मीटरचे चौकोन आखावे, वस्तू उचलण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, चौकोन व खोली पिशवीवर लिहावी. तारेचा ब्रश कटाक्षाने टाळावा, कारण शाईचे शिक्के पहिल्याच फटक्यात जातात. मऊ ब्रश, साधे पाणी आणि आडवा धरलेला टॉर्च यांनी उथळ ठसे वाचता येतात. खाजणातून आलेला भाग उन्हात वाळवल्यास आतले मीठ स्फटिकरूप होऊन पापुद्रे सुटतात. जतनतज्ज्ञाकडे जाईपर्यंत तो ओला ठेवावा, लोखंड व ॲल्युमिनियम वेगळे ठेवावे. उपकरणांच्या तबकड्यांवरील रेडियमचा रंग आता चमकत नसला तरी किरणोत्सर्गी असतो. तबकडी खरवडू नये. जिवंत गोळा दिसताच खूण करून मागे फिरावे आणि पोलिसांना कळवावे.

कायदा व मानवी अवशेष : १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची सर्वसाधारण मर्यादा शंभर वर्षांची असल्याने हे अवशेष अद्याप त्यात बसत नाहीत, वनक्षेत्रात मात्र वन विभागाची परवानगी लागते. हाडे दिसल्यास काम तत्काळ थांबवावे. पश्चिम भारतातील अनेक युद्धकबरी खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एकत्र केल्या आहेत; कबर न सापडलेल्या राष्ट्रकुल वैमानिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत.