खड्ड्यात मुरलेला नीरफणस

नीरफणसाचं झाड देतं तेव्हा भरभरून देतं, आणि तीच त्याची अडचण आहे. फळं एकदम तयार होतात. उतरवलेलं फळ दोन-चार दिवसांत मऊ पडतं, मग सडायला लागतं. हंगाम सरला की पुढचे कित्येक महिने झाड रिकामं. कोकणात किंवा गोव्यात यामुळे कुणाचं अडत नाही. तिथे नीरफणस म्हणजे रवा लावून तव्यावर परतलेले काप, हौसेचा पदार्थ. पण प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांवर हेच फळ रोजचं पोटभरीचं अन्न होतं. तिथे ना भात, ना गहू. पाऊस बेभरवशाचा, कधी लागोपाठ काही वर्षं दुष्काळाची. ताहिती हे मोठं बेटही हजाराहून अधिक किलोमीटर समुद्रापलीकडे.

नीरफणस आणि आपला फणस एकाच प्रजातिगटातले, आर्टोकार्पस. फणस पश्चिम घाटातला, तर नीरफणसाचा रानटी पूर्वज न्यू गिनीकडचा. पूर्व पॉलिनेशियातल्या, म्हणजे ताहिती-मार्केसासकडच्या बेटांवरच्या, कित्येक वाणांत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे फळात बी धरत नाही. म्हणजे ही झाडं पक्ष्यांनी किंवा लाटांनी पसरवलेली नाहीत. मुळांना फुटलेले कोंब होडीत ठेवून, खाऱ्या वाऱ्यापासून आणि उन्हापासून जपत, माणसांनीच ती बेटाबेटांवर नेली. असं कष्टाने आणलेलं अन्न हंगामानंतर सडू देणं त्यांना परवडणारं नव्हतं.

त्यांनी काढलेला उपाय मला फार मोठा वाटतो. पॉलिनेशियाच्या लोकांनी मातीची भांडी घडवणं कित्येक शतकांपूर्वीच सोडून दिलं होतं. फणसाचे गरे आपण मिठाच्या पाण्यात बरणीत घालतो. त्यांच्याकडे बरणीच नव्हती. म्हणून त्यांनी जमिनीलाच भांडं केलं. खड्डा खणायचा, त्याला आतून पानांचे थरावर थर लावायचे, म्हणजे माती आत येत नाही. सोललेली, मधला दांडा काढलेली फळं त्यात दाबून भरायची, वरून पुन्हा पानं आणि त्यांवर जड दगड. अधूनमधून खड्डा उघडून कुजलेली पानं बदलायची. काही आठवड्यांत आत आंबट, उग्र वासाचा लगदा तयार होतो. मार्केसासमध्ये त्याला 'मा' म्हणतात, सामोआत 'मासी'. फिजीत असा खड्डा म्हणजे 'दावुके'. नीट राखलेल्या खड्ड्यातला लगदा वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो.

दगडांच्या दाबाने फळांमधली हवा बाहेर जाते. उरलासुरला ऑक्सिजन सुरुवातीचे सूक्ष्मजीव संपवून टाकतात, आणि हवेशिवाय वाढता न येणारी बुरशी तिथेच थांबते. मग लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू जोर धरतात. इडलीचं पीठ आंबवणारे जिवाणू याच गटातले. फळातल्या साखरेपासून ते आम्ल तयार करत राहतात आणि लगद्याचा सामू (pH, आम्लतेचं माप; आंबटपणा वाढला की तो उतरतो) खाली खाली येतो. सामू 4.6 च्या खाली गेला की बॉट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा घडवणारा जिवाणूही वाढू शकत नाही, आणि बंद, हवा नसलेल्या अन्नात खरी भीती त्याचीच असते. सूक्ष्मजीव डोळ्यांनी कुणी पाहिले नव्हते, तेव्हापासून ही माणसं त्यांना नेमकी हवी ती परिस्थिती घडवून देत होती. हे नुसतं योगायोगाने जमलं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. पान कुठलं, दाब किती, खड्डा कधी उघडायचा, याचं निरीक्षण पिढ्यानपिढ्या झालेलं आहे.

वादळात झाडं मोडतात, खड्डा मोडत नाही. सॉलोमन बेटांमधल्या, जेमतेम पाच चौरस किलोमीटरच्या टिकोपिया बेटावर 1952 आणि 1953 मध्ये चक्रीवादळांनी पिकं उद्ध्वस्त केली आणि दुष्काळ पडला. मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ 1952 साली तिथेच होते. अशा वेळी खड्ड्यातली मासी हाच हाताशी असलेला साठा. तो अमर्याद मात्र नव्हता. अखेर बाहेरून धान्य आणावं लागलं.

युरोपीय प्रवाशांना झाड जास्त दिसलं. कॅप्टन कुकबरोबर 1769 मध्ये ताहितीला आलेल्या जोसेफ बँक्सने लिहून ठेवलं, की माणसाने आयुष्यात अशी दहा झाडं लावली तर आपल्या आणि पुढच्या पिढ्यांबद्दलचं कर्तव्य त्याने पार पाडलं. पुढे कॅरिबियन मळ्यांवरच्या गुलामांसाठी स्वस्त अन्न म्हणून हे झाड हवंसं झालं. विल्यम ब्लायच्या 'बाउंटी' जहाजावर हजाराहून अधिक रोपं होती. 28 एप्रिल 1789 रोजी बंड झालं आणि बंडखोरांनी ती समुद्रात फेकली. दुसऱ्या सफरीत, 1793 मध्ये, रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचली. त्या सगळ्या खटाटोपात खड्ड्यांचा विचार कुणी केला नाही.

आज बेटांवरही तांदूळ, मैदा आणि डबाबंद मांस सहज मिळतं, त्यामुळे खड्डे कमी झाले आहेत. हवाईतल्या ब्रेडफ्रूट इन्स्टिट्यूटने नीरफणसाचे शंभराहून अधिक वाण जपले आहेत. त्यांतले काही वेगवेगळ्या महिन्यांत फळतात, म्हणजे निवडून लावले तर हंगाम लांबवता येतो. मार्केसासमध्ये पोपोई अजून होते: भाजलेला ताजा नीरफणस दगडी बत्त्याने कुटून त्यात आंबट 'मा' मिसळायचा, पाण्याने सैल करायचा आणि बोटांनी खायचा. आंबटपणा किती हवा, यावर घराघरांत मतभेद असतात.