अनुदानित कॉलेज आणि अनुदानित तुकडी

प्रवेशाच्या दिवसांत पुण्यातल्या कॉलेजांच्या खिडकीपाशी एक प्रश्न हमखास येतो : "कॉलेज ग्रँटेड आहे ना? मग बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची फी एवढी कशी?" मी एका कॉलेजच्या हिशेब विभागात होतो, तेव्हा हा प्रश्न असंख्य वेळा ऐकला. विचारणाऱ्या पालकांचं काही चुकत नाही. ही गोष्ट त्यांना कुणी नीट सांगितलेलीच नसते.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ग्रँटेड, म्हणजे अनुदानित, म्हणजे सरकारी नव्हे. फर्ग्युसन 1885 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढलं; कॉलेज संस्थेचं, अनुदान सरकारचं. आणि हे अनुदान मिळतं ते मुख्यतः मंजूर पदांच्या पगारासाठी. पगारबिल कॉलेज करतं, ते उच्च शिक्षण खात्याच्या सहसंचालक कार्यालयातून मंजूर होतं आणि पैसे सरकारी तिजोरीतून येतात. कॉलेजचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचाच. तो फीवर पडत नाही, म्हणून जुन्या बीए, बीकॉम, बीएस्सीची फी कमी असते. मात्र प्राध्यापक निवृत्त झाले आणि पद भरायला परवानगी आली नाही, की त्या जागी तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली माणसं तासांच्या मानधनावर वर्षानुवर्षं शिकवतात, हे मला आजही बोचतं.

विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान नसलेल्या, तुकडीचं गणित निराळं; बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स बहुधा यातच येतं. तिथे पगार, संगणक, वीज, दुरुस्ती सगळं फीतूनच भागवायचं. समजा तुकडी 60 ची आहे आणि आली 40 मुलं. उत्पन्न एक तृतीयांशाने घटलं, पण शिक्षक तेवढेच लागतात आणि प्रयोगशाळाही तेवढीच. जागा रिकाम्या राहिल्या की पहिली कात्री पगाराला लागते, याचं कारण हे.

खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग, एमबीएची फी ठरवायला 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे; ते कॉलेजचा खर्च तपासून आकडा ठरवतं.

तेव्हा माहितीपत्रकात कॉलेजच्या नावापाशी थांबू नका, अभ्यासक्रमापुढे 'अनुदानित' लिहिलंय की 'विनाअनुदानित', ते वाचा. आणि तुकडी कोणती, हेही खिडकीवर विचारा : एकाच कॉलेजात बीकॉमची एक तुकडी अनुदानित आणि शेजारच्या वर्गातली विनाअनुदानित असू शकते.