हिब्रू शिकवायला माणूस हवा, पण बाप्तिस्मा घेतलेला

१५०० च्या आसपास युरोपातल्या ख्रिस्ती विद्वानांना बायबल मुळातून वाचायची ओढ लागली, आता जुना करार हिब्रूत आणि हिब्रू मुरलेली ती ज्यूंच्यात, पण ज्यू माणसाला विद्यापीठात प्रोफेसर करायची कुणाची तयारी नव्हती. मग उरले ज्यू घरात जन्मून तोरा-तालमूद हे ज्यूंचे धर्मग्रंथ शिकलेले आणि पुढे ख्रिस्ती झालेले लोक.

स्पेनचंच बघा. १४९२ ला ज्यूंना सांगितलं, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, आणि वीसच वर्षांनी १५१२ ला अल्कालाच्या विद्यापीठात हिब्रू शिकवायला नेमले अल्फोन्सो दे सामोरा, धर्मांतरितच. तिथे कार्डिनल सिस्नेरोसने सहा खंडांचं बहुभाषी बायबल छापून घेतलं, त्यात हिब्रूचं काम अल्फोन्सोसारख्यांनी केलं. त्याचं पान बघण्यासारखं आहे, मधे लॅटिन, बाहेरच्या बाजूला हिब्रू, आतल्या बाजूला ग्रीक, समासात हिब्रू शब्दांचे धातू. आणि प्रस्तावनेत काय लिहिलंय, तर मधलं लॅटिन म्हणजे क्रुसावर दोन चोरांच्या मधे असलेला येशू! हिब्रूचा रकाना ज्यांनी जिवापाड सांभाळला त्यांची भाषा चोराच्या जागी, हे वाचून मला खरंच फार वाईट वाटतं.

सगळेच असे नव्हते म्हणा. कोलोनचा फेफरकॉर्न, तोही धर्मांतरितच, ज्यूंची पुस्तकं जप्त करायचा हुकूम जर्मन बादशहाकडून १५०९ ला घेऊन आला, आणि ती वाचवायला उभा राहिला कोण, तर जन्माने ख्रिस्ती असलेला हिब्रूचा विद्वान रॉयक्लिन. रेगेन्सबर्गच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) घराण्यातल्या धर्मांतरित मार्गारिथाने १५३० ला ज्यूंच्या चालीरीतींवर विखारी पुस्तक लिहिलं, प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या लूथरने पुढे तेच वापरलं.

फेराराचा ट्रेमेलियस मला सगळ्यात जवळचा वाटतो. जन्माने ज्यू, आधी कॅथलिक झाला, मग प्रोटेस्टंट, म्हणून इटलीतून पळाला, केंब्रिजला हिब्रू शिकवलं, १५५३ ला कॅथलिक मेरी राणी गादीवर आल्यावर तिथूनही निघाला, मग हायडेलबर्ग, शेवटी सेदाँ. या धावपळीत त्याने युनियसबरोबर जुन्या कराराचं लॅटिन भाषांतर केलं, ते प्रोटेस्टंट लोक कित्येक वर्षं वापरत होते.

हिब्रूचा व्याकरणकार एलिया लेविता मात्र ज्यूच राहिला. फ्रान्सच्या राजाने पॅरिसला प्रोफेसर म्हणून बोलावलं तर नाही म्हणाला, जिथे माझ्या लोकांना राहायची बंदी तिथे मी जाणार नाही. त्याचे दोन नातू पुढे ख्रिस्ती झाले, त्यातला एक जेसुइट, म्हणजे त्या कॅथलिक संघाचा पाद्री.