मारका बैल आणि नव्वद टक्के

‘नव्वद टक्के शक्यता आहे, म्हणजे सिद्धच झालं की!’ हे वाक्य हल्ली चोरीच्या संशयापासून रक्ततपासणीच्या अहवालापर्यंत कुठेही कानावर पडतं. ते ऐकलं की मला एक मारका बैल आठवतो.

हा बैल तिसऱ्या शतकातला, बॅबिलोनियातला, म्हणजे आजच्या इराकमधला. यहुदी कायद्याच्या चर्चा ज्यात साठवल्या आहेत त्या तालमूदमध्ये तो भेटतो. एकाने बैल विकला. नंतर कळलं की बैल मारका आहे. घेणारा म्हणतो, ‘मी औतासाठी घेतला होता, पैसे परत दे.’ विकणारा म्हणतो, ‘मी तो कापायला म्हणून विकला. मारका असला तरी मांसाला काय झालंय?’

रव या पंडितांचं मत असं, की बहुतेक लोक बैल औतासाठीच घेतात, म्हणून व्यवहार रद्द. शमुएल म्हणाले, नाही. पैशाच्या वादात बहुसंख्येवर निकाल लागत नाही. दुसऱ्याच्या हातातलं काढून घ्यायचं असेल, तर पुरावा मागणाऱ्याने आणायचा. पुढे कायद्यात शमुएलचंच मत टिकलं.

या चर्चेतला मला सर्वात आवडणारा भाग म्हणजे पळवाटा बंद करण्याची पद्धत. हा माणूस एरवी बैल कशासाठी घेतो ते बघा ना? तो दोन्हींसाठी घेतो. मग किमतीवरून ओळखा! तेही जमत नाही, कारण मांसाचे भाव इतके चढलेत की औताचा बैल आणि कापायचा बैल एकाच किमतीला जातो. प्रयोगशाळेत बाकीचे घटक स्थिर ठेवून एकच बदलता ठेवतात, तसं इथे सगळं बाजूला काढून फक्त ‘बहुतेक लोक’ एवढंच शिल्लक ठेवलंय. आणि तेवढ्यावर पैसे हलत नाहीत.

का हलू नयेत? १९७७ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ एल. जोनाथन कोएन यांनी एक कोडं मांडलं. खेळाला १,००० प्रेक्षक आहेत, तिकीट काढलंय ४९९ जणांनी, आणि कोणी काढलं याची नोंद नाही. कोणताही एक प्रेक्षक उचला, तो फुकट्या असण्याची शक्यता ५०.१ टक्के. अर्ध्यापेक्षा जास्त शक्यता पुरेशी मानली, तर आयोजक हजारही जणांवरचा दावा जिंकेल, पैसे भरलेल्या ४९९ जणांवरचासुद्धा. टक्केवारी गर्दीबद्दल बोलते, समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल नाही.

पण खाण्याच्या नियमांत हाच ग्रंथ बहुसंख्या मानतो, आणि गंमत इथेच आहे. गावात दहा दुकानं, नऊ विधीनुसार कापलेलं मांस विकतात, एक निषिद्ध. मांसाचा तुकडा रस्त्यात सापडला तर बहुसंख्येकडे बघा, चालेल. मात्र तुम्ही स्वतः एका दुकानातून तो घेतलात आणि कुठलं दुकान ते विसरलात, तर चालणार नाही. हिशोबाने दोन्हीकडे नऊ-दशांशच येतात. तरी दुसऱ्या ठिकाणी शंका निम्मी-निम्मी धरायची, कारण ती ‘कावुआ’ आहे, जागच्या जागी पक्की. मला पटणारं स्पष्टीकरण असं: रस्त्यावरचा तुकडा दुकानापासून सुटून एका ढिगात मिसळलाय आणि ढिगाला प्रमाण लागू पडतं. दुकानाच्या फळीवर मात्र प्रत्येक दुकानाची ओळख ठरलेली होती, माहिती तिथेच होती. ती हरवली तर मोजणीने तिची भरपाई करता येत नाही.

यावरून ‘प्राचीन ग्रंथात संभाव्यतेचं गणित होतं’ असं कोणी सांगू लागलं तर मानू नका. ते गणित पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या १६५४ मधल्या पत्रव्यवहारातून उभं राहिलं. तालमूदमध्ये आहे तो प्रश्न वेगळा: किती शक्यतेवर काय करायचा अधिकार मिळतो?

आणि सीमारेषेचं काय? कबुतरखान्यापासून ५० हातांच्या आत पिल्लू सापडलं तर ते खान्याच्या मालकाचं, बाहेर सापडलं तर सापडवणाऱ्याचं. उड्या मारत चालणारं पिल्लू त्याहून लांब जात नाही, असा त्यामागचा आधार. रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, यिर्मिया यांनी विचारलं, ‘एक पाय आत आणि एक पाय बाहेर असेल तर?’ या प्रश्नापायी त्यांना अभ्यासगृहाबाहेर काढलं. पुढे दुसऱ्या एका प्रश्नाला त्यांनी नम्रपणे उत्तर पाठवलं, तेव्हा कुठे त्यांना परत आत घेतलं.