सामोशात तेल नेमके कधी शिरते?

जुलै २०२५ मध्ये नागपूरचे एम्स अचानक देशभरच्या बातम्यांत झळकले. तिथे सामोसा आणि जिलेबीवर सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा येणार, अशी ती बातमी होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रत्यक्षात एवढेच सुचवले होते, की कार्यालये आणि संस्थांमध्ये पदार्थांतले तेल व साखर सांगणारे फलक लावावेत. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापायचा आदेश नव्हता, हे सरकारने लगोलग स्पष्टही केले. तरी चर्चा ‘खायचे की सोडायचे’ यावरच अडकून राहिली. ज्या शहरात एलआयटीसारखी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) १९४२ पासूनची संस्था तेलाचे तंत्रज्ञान शिकवते आणि जिथून चिवडा-शेवेची पाकिटे देशभर जातात, तिथे तरी पुढचा प्रश्न विचारला जायला हवा होता: याच पदार्थांत तेल कमी शिरेल, असे करता येते का?

येते. त्यासाठी तेल केव्हा शिरते, हे आधी पाहावे लागेल. उकळत्या कढईत पदार्थ तेल पितो, असे आपण धरून चालतो. पण पदार्थ कढईत खळखळत असतो, तेव्हा तेलाला आत जायला फारसा वावच नसतो. तेल असते १७०-१८० अंश सेल्सिअसला आणि पाणी उकळते १०० अंशांना. सामोसा तेलात सोडताच पारीतल्या पाण्याची वाफ होऊ लागते. एक मिलिलिटर पाण्याची वाफ साधारण १,७०० मिलिलिटर जागा मागते. ती पारीला बारीक छिद्रे पाडत जोराने बाहेर पडते. तेलात दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती बाहेर येत असेपर्यंत तेलाला आत घुसू देत नाही. आच मंद असली की वाफेचा जोर कमी पडतो आणि तळणही लांबते. मंद आचेवरचा घाणा तेलकट होतो, तो बऱ्याच अंशी यामुळेच.

खरी गंमत पुढे आहे. झाऱ्याने सामोसा बाहेर काढला की त्याच्या अंगावर तेलाचा पातळ थर असतो आणि छिद्रांत वाफ कोंडलेली असते. पदार्थ निवू लागतो, तसे त्या वाफेचे पुन्हा पाणी होते. १,७०० भागांची जागा एका भागावर येते, छिद्रांत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब पृष्ठभागावरचे तेल आत ढकलतो. शाळेत पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून, झाकण घट्ट लावून डबा गार केला की तो चेपायचा, तेच इथे हजारो सूक्ष्म छिद्रांत घडते. वेफर्ससारख्या पदार्थांत तेलाचा मोठा हिस्सा असा कढईबाहेर आल्यावर, निवताना शिरतो.

जितके पाणी बाहेर गेले, तितकी जागा तेलाला मोकळी झाली. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते, वेफरमध्ये दोन-तीन टक्केच उरते. म्हणून वेफर्सच्या वजनाचा जवळपास तिसरा भाग तेल असतो. आलू बोंड्याचे पोट ओलेच राहते, त्यामुळे तेल आवरणापुरते थांबते. शेवेच्या तारा बारीक असतात, वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड, म्हणून तेलही भरपूर.

उपायही यातूनच निघतात. काप तळण्याआधी थोडे सुकवले की वाफ कमी होते आणि छिद्रेही कमी पडतात. तळलेला माल गरम असतानाच यंत्रात गरगर फिरवला, तर अंगावरचे तेल आत ओढले जाण्याआधी उडून जाते. गार झाल्यावर फिरवून उपयोग नाही. तोवर तेल दाटते आणि छिद्रांत बसते. मिथाइलसेल्युलोज हा वनस्पतींतल्या सेल्युलोजपासून बनवलेला, जेली धरणारा पदार्थ तर मला विलक्षण वाटतो. बहुतेक जेली गरम केल्यावर वितळतात, ही तापल्यावर घट्ट होते. आवरणात ती थोडी मिसळली की तळताना पृष्ठभागावर पापुद्रा धरते, ओलावा आत राखते आणि तेलाची वाट अडवते. फणसाचे किंवा केळ्याचे काप निर्वात कढईत तळतात, तिथे दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते. पण निर्वात मोडताच बाहेरचा दाब एकदम येऊन तेल आत रेटतो; म्हणून निर्वात मोडण्याआधीच माल फिरवून तेल काढून टाकावे लागते.

तेल जुने असेल तर हे सगळे निम्मे वाया जाते. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे पदार्थ, वाढतात. त्यांतली काही साबणासारखी वागतात, तेल आणि ओल्या पदार्थातला पृष्ठताण घटवतात आणि तेल अधिक चिकटते. ही संयुगे २५ टक्क्यांपुढे गेली की ते तेल वापरायचे नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आपल्याकडे लागू आहे.

‘तळलेले नाही, भाजलेले’ असे पाकिटावर ठसठशीत छापलेले असते, त्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. खारी भट्टीतच भाजतात, पण तिचे पापुद्रे सुटतात ते त्यांच्यामध्ये घातलेल्या स्निग्ध पदार्थामुळे. आणि वनस्पती तेलावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे लिहिणे म्हणजे जे वनस्पतीत नगण्यच असते, ते काढल्याचे श्रेय घेणे.

कारखानदाराने ही यंत्रे का घ्यावीत, हे बरेचसे सरकारी धोरणावर ठरते. हृदयाला अपायकारक अशा ट्रान्स फॅटची मर्यादा २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली, तेव्हा कारखान्यांना कृती बदलाव्याच लागल्या, कारण आकडा स्पष्ट होता. ब्रिटनने २०१८ मध्ये गोड पेयांवरचा कर साखरेच्या ग्रॅमला जोडला. १०० मिलिलिटरमागे पाच ग्रॅमच्या आत राहिले तर कर नाही. अनेक कंपन्यांनी साखर कमी करून ती रेषा गाठली.

आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी भागावरच्या लेबलची चर्चा, पदार्थ किती आरोग्यदायी हे ताऱ्यांनी दाखवण्याच्या २०२२ च्या मसुद्याच्याही आधीपासून चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वायूयुक्त गोड पेयांवरचा जीएसटी ४० टक्के झाला, पण त्यात साखर किती आहे, याला महत्त्व नाही. त्याच वेळी पाकीटबंद नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १०० ग्रॅममध्ये ३५ ग्रॅम तेल असलेली शेव आणि खर्च करून ते २५ ग्रॅमवर आणलेली शेव, दोन्हींना आज तोच ५ टक्के लागतो.